०७२३५ : न झालेला बोर्ड

०७२३५ हा पांढरकवड्याचा एसटीडी क्रमांक. ०७२३२ यवतमाळचा, ०७१२ नागपूरचा आणि ०२२ मुंबईचा. ज्या काळाबद्दल इथे लिहायचं आहे त्या काळात या क्रमांकांमधलं अंतर किलोमीटरने मोजून भागत नसे, ते टेलिफोनच्या मीटरवर मोजलं जाई. मुंबईत मोडेम असलेला मुलगा शहरातल्याच दुसऱ्या संगणकाला लोकल कॉल लावून तासभर वाचत बसू शकत होता. पांढरकवडा ज्या केळापूर तालुक्यात आहे तिथून तोच संगणक गाठायचा तर एसटीडीचे दर भरावे लागत. म्हणून लोक रात्री उशिरा पाव दर लागू होण्याची वाट पाहत, आणि तेव्हाही नजर घड्याळावरच असे.

मुलं ज्या संगणकांना असे फोन लावत त्यांना ‘बुलेटिन बोर्ड’ किंवा ‘बीबीएस’ म्हणत. आज अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात पन्नाशी-साठीतली माणसं जुने बोर्ड पुन्हा सुरू करत आहेत. जुन्या हार्ड डिस्क बाहेर निघत आहेत, तीस वर्षांपूर्वीचे मेन्यू जसेच्या तसे पडद्यावर येत आहेत. ही हौस मला मनापासून आवडते. मात्र तिच्याकडे पांढरकवड्यातून पाहिलं की वेगळंच काही दिसतं. बोर्डांचा काळ विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना वळसा घालून गेला. आपल्याकडे बोर्ड उभारायचा झाला तर त्यात परत मिळवण्यासारखं काही नाही. त्या वेळी जे मिळालं नाही तेच पहिल्यांदा करायचं आहे, आणि ते आज करण्यासारखं आहे असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात शिकागोची. जानेवारी १९७८ मध्ये तिथे प्रचंड बर्फ पडला आणि शहर ठप्प झालं. वॉर्ड क्रिस्टन्सन आणि रँडी सूस हे तिथल्या संगणक-हौशींच्या क्लबचे सदस्य. क्लबच्या भिंतीवर एक फलक होता. कोणाला काय विकायचं आहे, पुढची बैठक कधी, हे चिठ्ठ्या टाचून कळवलं जाई. तो फलकच टेलिफोनवर आणायचा असं दोघांनी ठरवलं. क्रिस्टन्सनने प्रोग्राम लिहिला, सूसने यंत्र जोडलं. १६ फेब्रुवारी १९७८ ही ‘सीबीबीएस’ खुला झाल्याची तारीख मानली जाते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या ‘बाइट’ मासिकात दोघांनी त्याची सगळी रचना छापून टाकली, म्हणजे कोणीही आपापल्या गावात तसाच बोर्ड उभारू शकावा. ‘सीबीबीएस’ पुढे बंद झाला तोवर त्याला अडीच लाखांहून अधिक कॉल येऊन गेले होते. सूस २०१९ मध्ये गेले, क्रिस्टन्सन २०२४ मध्ये.

फोनची लाइन एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस आत येऊ शकत असे. तो वाचायचा, लिहायचा, फोन ठेवायचा, मग दुसरा यायचा. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ लागे. १९८० च्या दशकात २,४०० बिटांचे मोडेम आले आणि तोच पडदा आठ सेकंदांत भरू लागला. मोडेमच्या किंकाळीची आठवण सगळेच काढतात. मला त्याहून मोलाची वाटते ती या व्यवस्थेने माणसांना लावलेली शिस्त. आपण बोलतो आहोत तोवर दुसऱ्या कोणाला तरी लाइन व्यस्त मिळते आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असे. त्यामुळे लोक नेमकं लिहीत.

अमेरिकेत बोर्ड फोफावले याचं कारण यंत्रापेक्षा तिथल्या टेलिफोनच्या बिलात सापडतं. बहुतेक घरांना लोकल कॉल महिन्याच्या ठरावीक भाड्यात मिळत, कितीही वेळ बोललं तरी जास्त पैसे पडत नसत. साहजिकच प्रत्येक गावाचा आपला बोर्ड झाला आणि बोर्डावर येणारे बहुतेक जण एकाच गावचे राहिले. मतभेद झाले तरी रविवारी भेटून मिटवता येत. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी ‘फिडोनेट’ सुरू केलं. बोर्ड रात्री स्वस्त दराच्या वेळेत एकमेकांना फोन लावत आणि दिवसभराचा टपाल-थैला देत-घेत. पत्र एका गावाहून दुसऱ्या गावी असं टप्प्याटप्प्याने जाई, पोचायला कधी एक दिवस लागे, कधी चार. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या जाळ्यात तीस हजारांवर बोर्ड होते.

भारतात लोकल कॉललाही पल्स पडत, आणि मुळात फोन मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागे. तरीही बोर्ड झाले. मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ नावाजलेला होता. बंगळुरात अतुल चिटणीस १९८९ पासून ‘सीआयएक्स’ चालवत होते. चिटणीसांचा जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावचं. पुढे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकातल्या स्तंभातून त्यांनी या देशातल्या एका पिढीला मोडेम कसा वापरायचा ते शिकवलं, आणि १९९६ मध्ये त्याच मासिकासोबत लिनक्सची सीडी घरोघर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१३ मध्ये कर्करोगाने ते गेले, वयाच्या ५१ व्या वर्षी. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवायला हवं.

सरकारी आणि विद्यापीठीय जगात त्याच सुमारास वेगळं काम चालू होतं. जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डायल-अपवरून ई-मेल जाऊ लागली होती. केंद्र सरकारच्या एनआयसीने उपग्रहाच्या जोरावर जिल्ह्याची ठिकाणं जोडली. ही सगळी यंत्रणा संस्थांची होती आणि जिल्ह्याच्या खाली फारशी उतरली नाही. सामान्य माणसाला स्वतःच्या हिमतीवर करता येण्यासारखा होता तो बोर्डच.

त्याच बोर्डावर १९९४ मध्ये दूरसंचार खात्याने परवाना शुल्क लावायचं ठरवलं. रक्कम होती वर्षाला किमान १५ लाख रुपये. घरच्या एका खोलीत, एका लाइनवर, पदरमोड करून बोर्ड चालवणाऱ्या माणसाला हे सांगितलं जात होतं. मागे आधार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा. संगणकतज्ज्ञ अरुण मेहता आणि इतरांनी याविरुद्ध मोहीम उघडली. बोर्ड म्हणजे टेलिफोन कंपनी नव्हे, लोकांच्या बोलण्याची जागा आहे, अशी त्यांची भूमिका होती. वाद चालू असतानाच १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि बोर्डांचं महत्त्व ओसरू लागलं. १९९८ च्या धोरणानुसार खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली. त्यांना पहिली पाच वर्षं परवाना शुल्क माफ होतं आणि त्यानंतर वर्षाला एक रुपया. चार वर्षांपूर्वी हौशी माणसाकडे मागितलेले १५ लाख आणि व्यावसायिक कंपनीकडून घ्यायचा हा एक रुपया, दोन्ही शेजारी ठेवले की मला आजही राग येतो. लहान गावांत बोर्ड उगवण्याची जी थोडी शक्यता होती ती त्या चार वर्षांत संपली.

आता आजचं पाहू. बोर्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. रॉब स्विंडेल यांचं ‘सिंक्रोनेट’ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलं आहे आणि ते मुक्तस्रोत आहे. ‘मिस्टिक’ आणि ‘एनिग्मा’ हेही आहेत. यातलं कोणतंही रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतं आणि त्याला मोजके वॅट वीज पुरते. वीज गेली तरी लहानशी बॅटरी त्याला तासन् तास जिवंत ठेवते, ही आपल्या तालुक्यात मोठी सोय. बहुतेक पुनरुज्जीवित बोर्डांवर लोक इंटरनेटवरून टेलनेटने येतात. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे नव्याने करणाऱ्याने मजकूर सांकेतिक करून पाठवणारं एसएसएचच वापरावं. ज्यांना जुन्या यंत्रावर बसल्याचा आनंद हवा असतो ते वायफायचा छोटा मोडेम वापरतात. जुन्या संगणकाला तो खराखुरा मोडेम वाटतो, फोन लावायची ‘एटीडीटी’ ही आज्ञा दिली की तो फोन लावल्यासारखं करतो आणि प्रत्यक्षात इंटरनेटवरून बोर्ड गाठतो.

खऱ्या टेलिफोनवरून करायचं म्हटलं तर अडचण आहे, आणि ती हौशी लोकांनी आधीच समजून घ्यावी. मोडेम आकडे आवाजात बदलतो. तांब्याच्या तारेवर तो आवाज जवळजवळ तसाच पलीकडे पोचत असे. आता फायबर घेतलेल्या घरात टेलिफोनचा आवाजसुद्धा डेटाची पाकिटं होऊन जातो. वाटेत तो दाबला जातो, प्रतिध्वनी काढून टाकणारी यंत्रणा त्यात ढवळाढवळ करते, एखादं पाकीट उशिरा येतं. माणसाच्या कानाला हे जाणवत नाही, पण ५६ हजार बिटांचा मोडेम लगेच कोलमडतो. आवाज न दाबता पाठवणारी सेवा असेल तर ३०० किंवा १,२०० बिटांचा संथ जोड बऱ्याचदा टिकतो. म्हणजे सगळ्यात जुना वेगच आजच्या लाइनवर सगळ्यात चिवट ठरतो.

खरी मेहनत मराठीसाठी आहे, आणि याबद्दल कुठेच सविस्तर लिहिलेलं दिसत नाही म्हणून जरा थांबतो. जुन्या बोर्डांवर मराठी माणसं रोमन अक्षरांत लिहीत. देवनागरी अशक्य नव्हती. पुण्याच्या सीडॅकने ‘जिस्ट’ कार्ड आणलं होतं, डॉसवरच्या संगणकात ते बसवलं की भारतीय लिप्या पडद्यावर येत. ‘इस्की’ या मानकाला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. इस्कीमध्ये इंग्रजी अक्षरं पहिल्या १२८ जागांवर तशीच ठेवून भारतीय अक्षरं वरच्या १२८ जागांमध्ये बसवली होती. नेमक्या त्याच वरच्या जागांवर आयबीएमच्या संगणकात चौकटी आणि रेघांची चिन्हं होती, आणि बोर्डांची सगळी सजावट त्या चिन्हांवर उभी होती. एकाच पडद्यावर दोन्ही सुखाने नांदणं अवघड होतं. इस्की लावली की चौकटींच्या जागी अक्षरं उमटणार, चौकटी ठेवल्या की मराठी जाणार.

आज युनिकोडने तो तंटा मिटवला, पण दुसरा उभा राहिला. बोर्ड ज्यातून वाचतात त्या टर्मिनलचा पडदा सारख्या मापाच्या घरांचा असतो, एका घरात एक अक्षर. ‘स्त्री’ किती घरं घेणार? बोर्डाचं सॉफ्टवेअर व्यंजनं आणि खुणा मोजून एक आकडा धरतं, टर्मिनल जोडाक्षर काढून दुसऱ्याच रुंदीत बसवतं, आणि कर्सर भलतीकडे उभा राहतो. उजव्या बाजूला रेघ असेल तर ती वाकडीतिकडी होते. यावर उपाय आहे. मराठी बोर्डावर उजवीकडची चौकट ठेवूच नये, रकाने टाळावेत, मेन्यू डावीकडून सरळ ओळींत द्यावा आणि लिहिण्यासाठी ओळ-संपादक ठेवावा, ज्यात पूर्ण ओळ एकदम पाठवली जाते. ‘एमएलटर्म’सारखं भारतीय लिप्या जाणणारं टर्मिनल वापरलं तर वाचन बरंच सुखाचं होतं. युनिकोड पाठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. हाच लेख ३०० बिटांच्या जोडावरून पाठवला तर अंदाजे पाव तास लागेल. इस्कीत तो साडेपाच-सहा मिनिटांत गेला असता. संथ लाइनवर इस्कीने पाठवून पलीकडे युनिकोडमध्ये बदलून घेणं हा मार्ग कोणीतरी करून पाहावा.

पण पांढरकवड्याच्या बोर्डावर असेल तरी काय? गाव नागपूर–हैदराबाद महामार्गावरचं, कापसाचं, आणि टिपेश्वर अभयारण्याच्या शेजारचं. २०१८ मध्ये माणसं मारल्याचा ठपका असलेल्या ‘अवनी’ वाघिणीला इथे गोळी घातली गेली, त्या वेळी कोणती बातमी खरी आणि कोणती अफवा हे ठरवणं गावोगावच्या माणसांना कठीण गेलं होतं. वाघ कुठे दिसला, कोणी पाहिला, केव्हा पाहिला, हे एका जागी, तारखेनिशी आणि ओळखीच्या माणसाच्या नावावर नोंदलेलं असेल तर त्याचा उपयोग आहे. कापसाचे रोजचे भाव, वाचनालयातली पुस्तकं, कोणाकडे कोणते दिवाळी अंक आहेत आणि ते कोण वाचायला देईल, याही नोंदी होतील. मोबाइलवरच्या गटात मजकूर दोन दिवसांत वर सरकून नाहीसा होतो. बोर्डावर तो विषयवार राहतो आणि पाच वर्षांनी पुन्हा काढता येतो.

तालुक्यात गोंडी आणि कोलामी बोलणारी माणसं मोठ्या संख्येने आहेत. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. यातल्या दुसरीची हस्तलिखितं शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात सापडली. या लिप्यांना मोठ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये जागा मिळेल तेव्हा मिळेल, आपल्या बोर्डावर गोंडीची खोली पहिल्या दिवशी उघडता येते. फॉन्ट कुठून घ्यायचा आणि कीबोर्ड कसा लावायचा, एवढी एक टीप तिथे लावली की झालं.

बोर्ड चालवणाऱ्याला ‘सिसॉप’ म्हणत. आज सिसॉपवर कायद्याची जबाबदारीही येते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार इतरांचा मजकूर ठेवणाऱ्याने तक्रार कोणाकडे करायची ते जाहीर करावं लागतं. ते टाळू नये. वाचनालय किंवा महाविद्यालयासारख्या संस्थेच्या छत्राखाली बोर्ड ठेवला तर हे सोपं जातं आणि एक माणूस कंटाळला म्हणून सगळं बंदही पडत नाही. सदस्य शंभर-दोनशेपर्यंतच ठेवावेत. एवढ्या लोकांना सिसॉप चेहऱ्याने ओळखू शकतो.

मुंबई, पुणे, नागपूर, बेळगाव इथल्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर बोर्डांच्या काळातल्या फ्लॉपी किंवा हार्ड डिस्क असतील तर त्या फेकू नका आणि उत्साहाने लगेच ड्राइव्हमध्येही घालू नका. बुरशी लागलेली फ्लॉपी एकदा फिरवली की तिचा थर खरवडला जाऊ शकतो. ‘ग्रीसवीझल’ नावाचा स्वस्त सर्किट-बोर्ड मिळतो. बुरशी आधी साफ करून घेतली आणि तो ड्राइव्हला जोडला की फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतो, आणि मग प्रतीवर निवांत काम करता येतं. वाचलेले संदेश मात्र सरसकट खुले करू नयेत. लिहिणाऱ्यांनी ते ओळखीच्या पन्नास-शंभर जणांसाठी लिहिले होते. कोणी घरचं दुखणं सांगितलं असेल, कोणी नोकरीतला राग काढला असेल. आधी बोर्डाचे मेन्यू, नियमांची पानं, फाइलींच्या याद्या प्रसिद्ध कराव्यात. संदेश त्या त्या माणसाला शोधून, विचारून, त्याच्या होकारानंतरच.