माळावरची थाळी आणि तिची वीज

कोल्हापुरातून पुण्याच्या दिशेनं निघालात की पंचगंगेचा पूल ओलांडताच शिरोली लागते. गावाचं नावच 'शिरोली पुलाची'. गावाला लागून एमआयडीसी. तिथं फौंड्र्या आहेत, लेथ आहेत, दिवसरात्र ओतकाम चालतं. आणि कारखान्यांच्या भिंती संपल्या की लगेच ऊस सुरू होतो. गळिताचा हंगाम आला की या उसाच्या कडेला, मोकळ्या माळावर, ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. ही मंडळी बीडकडून, मराठवाड्यातून येतात आणि चार-सहा महिने ताडपत्रीखाली संसार करतात. शहरातली माणसं हौस म्हणून तंबू ठोकून राहतात; यांना पोटासाठी राहावं लागतं. पण उघड्यावर थाळी कशी उभी करायची आणि तिला वीज कुठून द्यायची, हा प्रश्न दोघांनाही एकच.

एका हंगामात आम्ही या कोप्यांवर रात्रीचा वर्ग चालवत होतो. एका कोपीशेजारी टीव्हीची छत्री होती. लांब बांबूच्या टोकाला सुतळीनं बांधलेली. चित्र संध्याकाळी दिसायचं आणि वारं सुटलं की जायचं. मग कुणीतरी बाहेर जाऊन बांबू फिरवायचा आणि आतून बायका ओरडायच्या, "आलं, आलं! आता हलवू नको!"

चित्र का जायचं, ते आधी पाहू.

आपल्या भागात कुठल्याही घराच्या छपराकडे पहा. सगळ्या छत्र्यांची तोंडं जवळजवळ एकाच बाजूला असतात. आग्नेयेकडे, किंवा थोडी दक्षिणेला झुकून. त्याचं कारण असं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरते. म्हणून जमिनीवरून पाहता तो एका जागी खिळल्यासारखा राहतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, आणि आपल्याकडे दिसणारे टीव्हीचे बहुतेक उपग्रह आपल्याहून पूर्वेला. दक्षिण आणि पूर्व मिळून झाली आग्नेय. छत्रीचा नेम त्या एका ठिपक्यावर धरायचा. दोन-तीन अंश इकडे तिकडे झालं की चित्र गेलं. बांबू वाऱ्यानं पिळला की तेवढं सहज होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एमआयडीसीतल्या एका वेल्डरला विचारलं. त्यानं छत्रीकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "बांबूवर कशाला चढवलासा ओ? उंच न्यायची काय गरज हाय? आभाळ मोकळं असलं की झालं."

आम्हाला त्याचं पटलं. उपग्रह ३६,००० किलोमीटर दूर. छत्री दहा फूट वर नेऊन जवळीक ती किती होणार? उंची लागते ती फक्त झाड किंवा भिंत आडवी येत असेल तर. मोकळ्या माळावर छत्री जितकी जमिनीजवळ तितकी बरी.

त्यानं मग ट्रकचा जुना, झिजलेला ब्रेक ड्रम आणला. वजन चाळीस किलोच्या घरात. पण ड्रम बिडाचा. (आमच्या वर्गातले लोक बीडचे आणि हा ड्रम बिडाचा, यावर दोन दिवस हसणं झालं.) बिडाला साधं वेल्डिंग धड धरत नाही, तडा जातो. म्हणून त्यानं एक लोखंडी पट्टी घेतली, तिच्यावर पाइप उभा वेल्ड केला आणि ती पट्टी ड्रमच्या भोकांतून नट-बोल्टनं आवळली. पाइप कमरेएवढाच. पाइप अगदी ओळंब्यात हवा, कारण तो तिरका असला तर नेम धरणं अवघड जातं. एवढं झाल्यावर छत्री पुन्हा हलली नाही.

वाऱ्याचा हिशेब सांगण्यासारखा आहे. ६० सेंटिमीटर व्यासाची थाळी घ्या. ताशी ६० किलोमीटरचा वारा तिच्यावर सुमारे ५-६ किलोचा रेटा देतो. वारा दुप्पट झाला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे वादळात तीच थाळी वीस-बावीस किलोच्या जोरानं ढकलली जाते. वळवाच्या वाऱ्यात पत्रे कसे उडतात ते आपण पाहतोच. ड्रम नसेल तर तिकाटण्याच्या प्रत्येक पायावर वाळूची पोती ठेवावीत आणि मधून एक जड दगड दोरीनं लोंबता सोडावा. ताडपत्रीच्या दोरीला मात्र थाळी कधी बांधू नये. ताडपत्री फडफडली की थाळीही हलणार.

छत्री उभी राहिली. आता वीज. इथं आमची फजिती झाली, ती सांगतो.

कोपीजवळ ट्रॅक्टर उभा असे. त्याची बॅटरी १२ व्होल्टची. आम्हीच सुचवलं की रात्री तीवर टीव्ही लावू. दोन-तीन रात्री मजेत गेल्या. चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता ट्रॅक्टर सुरूच होईना. अंधारात सगळ्यांनी मिळून ढकलला. ऊस कारखान्यावर उशिरा पोचला, खेप बुडाली. मुकादम आम्हाला काही बोलला नाही, पण त्या कुटुंबाला फार बोलला. चूक आमची होती.

गाडीची बॅटरी एक जोराचा झटका देण्यासाठी केलेली असते. इंजिन सुरू झालं की ती लगेच पुन्हा भरली जाते. तिला रात्रभर हळूहळू रिकामी केली तर ती सकाळी कामाची राहत नाही, आणि असं वारंवार केलं तर कायमची खराब होते. अशा कामाला घरातल्या इन्व्हर्टरची असते तशी, सावकाश रिकामी होणारी बॅटरी वेगळी ठेवावी.

तिच्यात किती वीज मावते ते पाहू. बॅटरीवर '१२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तास' असं लिहिलेलं असतं. या दोन आकड्यांचा गुणाकार करा. झाले १२०० वॉट-तास. पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये. म्हणजे आपल्या हाती ६००. एखादं यंत्र ३० वॉट खात असेल तर ६०० ला ३० नं भागा. वीस तास. थोडी वीज वाटेत वाया जाते, म्हणून सोळा-सतरा तास धरावेत.

आता त्या कोपीतल्या मावशींचं सांगतो. त्यांचं धाकटं लेकरू गावी आजीजवळ होतं. टीव्हीचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "ह्या छत्रीतून माझं लेकरू दिसल का?"

दिसणार नाही. टीव्हीची छत्री फक्त ऐकते, बोलत नाही. वरून येतं ते घेते. इकडचं वर काही पाठवत नाही. लेकराशी बोलायचं तर थाळीनं दोन्ही कामं केली पाहिजेत. अशी थाळी नवी नाही. जुन्नर तालुक्यातल्या आर्वी इथं १९७१ साली उपग्रहाशी बोलणारं केंद्र उभं राहिलं. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं आहे. तिथली थाळी सुमारे ३० मीटर रुंद, म्हणजे तिच्यात एक वाडा मावेल. आज तेच काम करणारी, पाटीएवढी थाळी निघाली आहे.

ती इतकी लहान झाली याचं एक मोठं कारण म्हणजे उपग्रह जवळ आले. स्टारलिंक नावाच्या अमेरिकी कंपनीचे हजारो उपग्रह ५०० किलोमीटरच्या आसपास फिरतात. ३६,००० कुठं आणि ५०० कुठं! लांबच्या उपग्रहावरून बोलताना आपला शब्द जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि दोघं एकाच वेळी बोलू लागतात. जवळच्या उपग्रहात हा खोळंबा कळतही नाही. पण जवळचा उपग्रह एका जागी थांबत नाही. सुमारे दीड तासात तो पृथ्वीला फेरी घालतो आणि आपल्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो. मग दुसरा येतो. थाळी जागची हलत नाही. तिच्या पोटात अनेक बारीक अँटेना असतात, त्या मिळून आपला रोख विजेच्या चालीवर बदलत राहतात.

म्हणून हिला बसवण्याची रीत निराळी. टीव्हीच्या छत्रीला आग्नेयेचा एक झरोका पुरतो. हिला बरंचसं आभाळ मोकळं लागतं. आंब्याखाली किंवा उभ्या उसाच्या फडाला लागून ठेवली तर उपग्रह आड गेला की बोलणं तुटतं, पुढचा आला की जुळतं. दिवसभर असंच चालू राहतं आणि माणूस मशीनला दोष देतो. नेम मात्र इतका बारीक लागत नाही. मोबाइलवर तिचं ॲप असतं, ते दिशा आणि आडोसा दोन्ही दाखवतं.

तिची भूक किती? स्टारलिंकची मोठी थाळी ७५ ते १०० वॉट खाते. लहान थाळी, जिला मिनी म्हणतात, २५ ते ४० वॉट. हिचं वजन किलोच्या थोडं वर. मोठीला घरासारखी वीज लागते, म्हणजे मध्ये इन्व्हर्टर आला, आणि इन्व्हर्टर स्वतःच दहा-पंधरा टक्के वीज खातो. मिनीला १२ ते ४८ व्होल्टची सरळ बॅटरीची वीज चालते. उघड्यावर राहणाऱ्याला मिनीच बरी, असं आमचं मत.

पण वायर जाड घ्या. लोक बल्बची बारीक वायर लावतात. तांब्याची पाऊण चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर टाकली आणि थाळी ४० वॉट ओढू लागली, तर वाटेतच दीड व्होल्ट गळतो. बाराचे साडेदहा उरले, की थाळी चालू होते, बंद पडते, पुन्हा चालू होते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. बॅटरीच्या अगदी जवळ १० ॲम्पिअरचा फ्यूज हवाच. ताडपत्री आणि पाचटाच्या कोपीत ठिणगी म्हणजे काय ते कोपीवाल्याला सांगायला नको.

सोलर प्लेटवर विसंबायचं तर ऋतू पहा. १०० वॉटची प्लेट हिवाळ्याच्या स्वच्छ दिवसात ४००-५०० वॉट-तास देते. मिनी चोवीस तास चालू ठेवली तर ७२० लागतात. रात्री बंद केली तर भागतं. आषाढाच्या झाकोळात तीच प्लेट शंभर-दीडशेवर येते, आणि त्यात चार-पाच तासच बोलणं होतं.

आषाढ-श्रावणाचं नाव निघालं, तर पुराचं बोललंच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली. तिथं ४३ फूट ही धोक्याची पातळी. जुलै २०२१ मध्ये ती ५६ फुटांवर गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. ट्रकांच्या रांगा लागल्या. ज्यांनी कधी तंबू पाहिला नव्हता त्यांना ट्रकच्या केबिनमध्ये दिवस काढावे लागले. अशा वेळी वीज जाते. मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. पण रस्ताच बुडाला तर डिझेल कोण पोचवणार? टॉवर मुका झाला की फोन खिशात असून नसल्यासारखा. उपग्रहाच्या थाळीला जवळचा टॉवर लागत नाही. तिचं जमिनीवरचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर, पुराबाहेर असू शकतं.

ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मिनीला २४ चालतात. तेव्हा दोन्ही मिळून वीज घ्यावी. एकाच बॅटरीला चिमटे लावू नयेत, नाहीतर एक रिकामी, एक भरलेली अशी जोडी बिघडते. टपावर थाळी पोत्यांनी दाबून ठेवावी. मुसळधार पावसात बोलणं अडखळतं, कारण पावसाचे थेंब त्या लहरी शोषून घेतात. सर ओसरली की पुन्हा जुळतं. विजा चमकू लागल्या तर मात्र वायर काढून थाळी खाली घ्यावी.

आता कायद्याचं. जी थाळी वर बोलते तिला आपल्या देशात सरकारी परवाना लागतो. परदेशातून कुणी पाहुण्यानं आणलेली थाळी लावली तर गुन्हा होऊ शकतो. स्टारलिंकला दूरसंचार खात्यानं जून २०२५ मध्ये परवाना दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिच्याशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम अशा दूरच्या जिल्ह्यांचा विचार आधी आहे. विकत घेणाऱ्यानं आपल्या नावानं नोंद होते का, पावती मिळते का, आणि थाळी एका गावातून दुसरीकडे नेण्याची मुभा त्या योजनेत आहे का, एवढं विचारूनच पैसे द्यावेत. कोपी दर हंगामाला हलते. थाळी एकाच पत्त्याला बांधलेली असेल तर उपयोग काय?

एकट्या कुटुंबाला हा खर्च परवडणार नाही, हे उघड आहे. पण मिनीचं वायफाय थाळीभोवतीच्या पाच-दहा कोप्यांना पुरतं. मावशींना आम्ही हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "ड्रम तर हाये आपल्याकडं. पाइप तेवढा नवा लागल."