ब्रेक : पुढचा आणि मागचा

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांची भंगारातून बनवलेली जीप २०२१ साली गाजली. तेव्हापासून आमच्या दादाला हाच ध्यास! यवतच्या मळ्यात त्याने गाडी जुळवली. पहिल्याच दिवशी उतारावर ब्रेक दाबताच मागची चाके अडली, गाडी गर्रकन फिरली आणि आम्ही उसात!

कारण साधे आहे. ब्रेक लावला की भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात. पुढची आधी अडली तर गाडी सरळ घसरते. मागची अडली तर फिरते. म्हणून दादाने मागे लहान व्यासाचे व्हील सिलिंडर बसवले. तेलाचा दाब तोच, पण जोर कमी. मग मोकळ्या, ओल्या रानात सावकाश चाचणी घेतली. आता पुढची चाके किंचित आधी अडतात.

आई म्हणाली, "पळवायचं नंतर बघा; आधी थांबवायला शिका!"