वाळवंटातली शमी आणि आपली मुलं



दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो, आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो. गणपतीच्या पत्रींमध्येही शमी असतेच. पांडवांनी अज्ञातवासात जाताना आपली शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली, ही गोष्ट मुलांना आपण हौसेनं सांगतो. पण तीच शमी इथे, अमिरातीत, अल ऐनकडे किंवा हत्ताकडे जाताना गाडीच्या खिडकीतून दिसते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

इथले लोक तिला 'गाफ' म्हणतात. राजस्थानात ती खेजडी, आपल्याकडे शमी किंवा सौंदड. शास्त्रीय नाव एकच, प्रोसोपिस सिनेरारिया. २००८ साली गाफ हा संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष झाला. २०१९ हे वर्ष या देशानं 'सहिष्णुता वर्ष' म्हणून साजरं केलं, तेव्हा त्याच्या बोधचिन्हावरही गाफच होता, कारण जुन्या काळी टोळ्यांमधली वडीलधारी माणसं सल्लामसलतीसाठी याच झाडाच्या सावलीत बसत.

मुलांना निसर्गरक्षणात कसं सामील करून घ्यावं, हा प्रश्न आपल्या मंडळात अनेकदा निघतो. इथे वाढणाऱ्या मुलांचा एक समज असतो की निसर्ग म्हणजे कोकण, सह्याद्री, आजोळची विहीर. इथे काय, नुसती वाळू! सुट्टीत गावी जाऊ तेव्हा निसर्ग बघू. आम्हाला वाटतं, सुरुवात हा समज दूर करण्यापासून व्हायला हवी. जे आपल्याला दिसतच नाही, ते आपण जपणार कसं?

गाफ जगतो कसा?

गाफची मुळं पाण्याच्या शोधात ३० मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात. म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीएवढी खोली! म्हणूनच आजूबाजूला सगळं करपलेलं असताना हे झाड हिरवं असतं. हे शेंगावर्गातलं झाड आहे, त्यामुळे मातीत नत्र धरून ठेवायला मदत करतं. त्याची मुळं वाळू धरून ठेवतात, पाला उंट-शेळ्या खातात, फांद्यांवर पक्षी घरटी करतात. एक गाफ म्हणजे एक छोटं गावच म्हणा ना!

पण हा चिवटपणा मोठ्या झाडाचा. रोपटं मात्र फार नाजूक असतं. वाळूतून दोन बोटं वर आलेलं रोप गाडीच्या एका चाकाखाली संपतं. भूजल खाली गेलं, जनावरांची चराई वाढली, फांद्या तोडल्या, की नवी झाडं उभीच राहत नाहीत. जुनी झाडं दिसतात म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण त्यांच्या मागे लहान झाडं आहेत का, हे बघायला हवं. दुबई डेझर्ट कॉन्झर्वेशन रिझर्व्हसारखं सुमारे २२५ चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र त्यासाठीच मोलाचं आहे. तिथे गाड्यांना आणि चराईला आळा असल्यामुळे वाळवंटाला श्वास घ्यायला सवड मिळते.

मग मुलांनी करायचं काय?

पहिलं काम, ओळखायला शिकणं. गाफसारखंच दिसणारं एक दुसरं झाड इथे खूप पसरलं आहे. ती आपली वेडी बाभूळ, म्हणजे विलायती बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली, हिरवाईसाठी म्हणून आणली आणि मग हाताबाहेर गेली. महाराष्ट्रातल्या माळरानांवरही तिनं हेच केलं. ओळखायची खूण सोपी आहे. वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बगलेत, बहुतेक जोडीनं असतात. गाफचे काटे लहान असतात आणि फांदीवर पानांच्या मधल्या भागात विखुरलेले असतात. फांद्याही खाली झुकलेल्या दिसतात. मुलांच्या हातात मोबाइल असतोच. झाडाचा फोटो काढून 'आयनॅचरलिस्ट'सारख्या ठिकाणी जागेसकट नोंदवला, तर तो अभ्यासकांनाही उपयोगी पडतो. हिरवं दिसलं म्हणजे चांगलंच, असं नसतं, हा धडाही यातून आपोआप मिळतो.

दुसरं काम, हिवाळ्यातल्या सहलींची शिस्त. नोव्हेंबर ते मार्च आपण सगळेच वाळवंटात जातो. कणसं भाजतो, गाणी म्हणतो, जायलाच हवं! पण गाडी आधीच्या चाकोरीतूनच न्यावी. शेगडी उभी, पायांची असावी, जमिनीवर जाळ नको. झाडाची वाळकी फांदीसुद्धा तोडू नये, तिच्या आडोशाला सरडे-किडे राहतात. राख आणि कोळसाही गार करून परत आणावा. प्रत्येक सहलीत एका मुलाला किंवा मुलीला 'मुकादम' नेमावं. निघताना जागा त्यानं तपासायची आणि त्यानं 'हो' म्हटल्याशिवाय गाड्या सुरू करायच्या नाहीत, अगदी अध्यक्षांचीसुद्धा!

तिसरं, पिशवी. वाऱ्यानं उडालेली प्लॅस्टिकची पिशवी गाफच्या काट्यांत अडकते आणि पाला खायला आलेला उंट पाल्याबरोबर तीही खातो. दुबईतल्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांनी २००८ पासून सुमारे ३०,००० मृत उंट तपासले. त्यातल्या ३०० हून अधिक उंटांच्या पोटात प्लॅस्टिकचे घट्ट गोळे सापडले. पोट भरल्यासारखं वाटतं, खाणं सुटतं आणि जनावर उपाशी मरतं. १ जानेवारी २०२४ पासून एकदा वापरून फेकायच्या पिशव्यांवर देशभर बंदी आली, हे उत्तमच झालं. पण फरसाणाची पाकिटं, पाण्याच्या बाटल्यांचं वेष्टन, फुगे, हे आपल्याच हातात आहे. आपल्या कार्यक्रमांच्या जेवणावळीत स्टीलची ताटं आणायची की नाही, हा निर्णय युवा शाखेकडे सोपवून बघू या.

देणगीदारांसाठी दोन शब्द

झाडं लावण्याचे उपक्रम पुष्कळ होतात. रोप लावतानाचा फोटो एका दिवसात निघतो, पाणी मात्र मुळं खोल जाईपर्यंत घालावं लागतं. म्हणून वृक्षारोपणाला पैसे देताना एकच प्रश्न विचारा: पुढच्या उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार? उत्तर मिळालं, तरच द्या. मुलांनी घरी बी रुजवायचं असेल, तर ते रात्रभर भिजवून उंच पिशवीत लावावं, कारण मूळ झपाट्यानं खाली जातं. रोप मोठं झालं की शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या परवानगीनंच जमिनीत लावावं.

आणि दसऱ्याबद्दल एक विनंती. महाराष्ट्रात सोन्याच्या हौसेपायी आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आपटा म्हणून कांचनाची पानंही सर्रास विकली जातात. ती चूक इथे गाफच्या बाबतीत नको. पानं तोडण्याऐवजी मुलांना शमीजवळ न्या, नमस्कार करायला लावा, चित्र काढू द्या. ते चित्रच सोनं म्हणून वाटा.

जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली हीच झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, असं सांगतात. आपल्या मुलांकडे कुणी तसलं काही मागत नाही. चाकोरी सोडू नका, कचरा परत आणा, झाडाचं नाव लक्षात ठेवा, इतकंच मागणं आहे.

यातली बरीच मुलं शिक्षणासाठी उद्या दुसऱ्या देशी जातील. आज जपलेल्या रोपट्याच्या सावलीत ती कदाचित कधीच बसणार नाहीत, दुसरं कुणीतरी बसेल. पण या भूमीनं आपल्याला पोटाला दिलं, घर दिलं. खाल्ल्या मिठाला जागावं, ही आपली रीत आहे. ती मुलांना शिकवायला या वाळवंटातल्या शमीपेक्षा चांगली जागा आपल्याला कुठे मिळणार?