क्षेम : मुक्काम, मिठी आणि विमा

जुन्या मराठी पत्रात मायना लिहून झाला की पुढचे वाक्य ठरलेले असे : इकडील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे. मजकूर लढाईचा असो वा उसनवारीचा, आधी खुशाली. या ‘कुशल’चा जोडीदार ‘क्षेम’ आता एकटा फारसा भेटत नाही. ‘क्षेमकुशल’मध्ये तेवढा तग धरून आहे.

संस्कृतात ‘क्षि’ या धातूचा एक अर्थ राहणे, वस्ती करणे. त्यातूनच ‘क्षेत्र’ आला आणि क्षेत्राचे आपले शेत झाले. क्षेम म्हणजे मुळात मुक्काम. गुरे घेऊन फिरणाऱ्या वैदिक टोळ्यांना एका जागी निर्धास्त टेकता येणे, हीच सुरक्षितता. याच्या उलट ‘योग’, म्हणजे जनावरे जुंपून वाटेला लागणे. फिरता माणूस मुक्काम करून बसलेल्यावर सत्ता गाजवतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. घरबशांना मारलेला टोमणा बराच जुना म्हणायचा!

वस्त्या स्थिरावल्या तसा अर्थही सरकला. न मिळालेले मिळवणे हा योग आणि मिळालेले राखणे हे क्षेम, अशी फोड शंकराचार्यांनी गीताभाष्यात केली. मनुस्मृतीने तर विचारपूसही वर्णावर वाटून टाकली : ब्राह्मणाला कुशल, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य विचारावे. व्यापाऱ्याकडे राखण्याजोगे धन असणार, म्हणून क्षेम त्याच्या वाट्याला आले असावे. शूद्राजवळ अंगमेहनतीच्या देहाखेरीज काही असेल, हे बहुधा गृहीतच धरलेले नव्हते.

मराठीत या शब्दाला वेगळाच जिव्हाळा लाभला. जुन्या मराठीत ‘खेंव देणे’ म्हणजे मिठी मारणे; हा ‘खेंव’ क्षेमचाच अपभ्रंश. ‘क्षेमालिंगन’ तर पोथ्यापुराणांत जागोजाग सापडते. भेटीत खुशाली विचारणे आणि उराशी धरणे एकदमच व्हायचे, त्यामुळे विचारपुशीचा शब्द मिठीलाही चिकटला असावा.

1956 साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याचे बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातले, योगक्षेमाची हमी देणारे. मुंबईतल्या मुख्यालयाचे नावही ‘योगक्षेम’. गंमत म्हणजे ‘विमा’ हा शब्द फारसीतून आलेला, आणि फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती.