एक किलो चकली तुम्हाला कितीला पडते? रेषेचा चढ सांगतो

व्हिडिओत हे गणित फळ्यावर भराभर होतं. वही-पेन घेऊन निवांत करायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घेऊ. तुम्ही घरून चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा विकता. समजा, भाजणी भिजवण्यापासून पॅकिंगपर्यंत एक किलो चकलीला ४० मिनिटं लागतात आणि एक किलो चिवड्याला २०. हातात दिवसाचे ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं. सामान, गॅस, पिशव्या वजा जाता चकलीवर किलोमागे ११० रुपये सुटतात, चिवड्यावर ६०. आता कोणालाही विचारा, "जास्त काय करू?" लगेच उत्तर येईल, चकली! ११० कुठे आणि ६० कुठे.

थांबा जरा. आधी वेळेचं समीकरण मांडू. चकलीचे किलो म्हणजे क्ष, चिवड्याचे किलो म्हणजे य (शाळेतले एक्स आणि वाय हेच):

४०क्ष + २०य = ४८०

हे बरोबर आहे, पण मुकं आहे. दिवस कसा भरतो एवढंच ते सांगतं. चकली एक किलोने वाढवली तर चिवड्याचं काय होईल, हे त्यात नुसतं बघून दिसत नाही. ते दिसण्यासाठी य ला एकटं करायचं. ४०क्ष पलीकडे न्या, चिन्ह बदलेल:

२०य = ४८० − ४०क्ष

आता प्रत्येक पदाला २० ने भागा. प्रत्येक पदाला हं! बरेच जण ४८० ला भागतात आणि ४०क्ष तसंच ठेवतात.

य = −२क्ष + २४

झालं. यालाच स्लोप-इंटरसेप्ट फॉर्म म्हणतात. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत रेषीय समीकरणं गणिताच्या भाग १ मध्ये आणि रेषेचा चढ भाग २ मध्ये, निर्देशक भूमितीत. दोन वेगळी पुस्तकं, त्यामुळे या दोघांची ओळख बऱ्याच जणांच्या डोक्यात कधी झालीच नाही. ती आज करून देतो.

२४ म्हणजे चकली अजिबात केली नाही तर दिवसभरात होणारा चिवडा. आलेखावर रेषा उभ्या अक्षाला इथेच भेटते. आणि क्ष च्या आधीचा −२ हा चढ. तो सांगतो की चकलीचा प्रत्येक जादा किलो चिवड्याचे दोन किलो खातो. उणे चिन्ह म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं, रेषा उतरती आहे.

आता पैसे जोडा. एक किलो चकलीचे ११० मिळाले, पण त्यासाठी दोन किलो चिवडा सोडला, म्हणजे १२० गेले. दर किलोला १० रुपये कमी! पडताळून बघा: दिवसभर फक्त चकली केली तर १२ किलो, १,३२० रुपये. फक्त चिवडा, २४ किलो, १,४४० रुपये. ५ किलो चकली आणि १४ किलो चिवडा केला तर १,३९०. अर्थात २४ किलो चिवडा खपायला हवा, ते गिऱ्हाईक ठरवतं.

मूळ समीकरणातल्या ४० ला चढ समजू नका. सगळं समीकरण दुप्पट करा, ८०क्ष + ४०य = ९६०. रेषा तीच, पण ४० चे ८० झाले. मिनिटांऐवजी तास लिहिले तरी आकडे बदलतील. य एकटा केला की मात्र दर वेळी −२ च येतो.

माझ्या मते धंद्यात याचा सगळ्यात मोठा उपयोग पुढे आहे. सीझनला आपण काय करतो? जास्त राबतो. ८ चे १० तास केले:

४०क्ष + २०य = ६००, म्हणजे य = −२क्ष + ३०

२४ चे ३० झाले, पैसे वाढले. पण चढ −२ च राहिला. चकली अजूनही दर किलोला १० रुपयांनी मागे! रात्री जागून हे बदलत नाही.

आता तास ८ च ठेवा, पण चकली पाडायला कोणीतरी मदतीला घ्या किंवा मोठा सोऱ्या आणा, आणि ४० ची ३० मिनिटं झाली असं धरा:

३०क्ष + २०य = ४८०, म्हणजे य = −१.५क्ष + २४

२४ हललाच नाही, चढ बदलला. आता एक किलो चकलीसाठी दीड किलो चिवडा, म्हणजे ९० रुपये सुटतात आणि ११० मिळतात. चकली २० रुपयांनी पुढे. दिवसभर तीच केली तर १६ किलो, १,७६० रुपये. मदतनीसाची दिवसाची मजुरी किंवा सोऱ्याची किंमत या आकड्यांशी ताडून बघा, मग ठरवा.

आणि मदत नाही, सोऱ्या जुनाच, पण गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, मला फक्त चकलीच हवी, १० किलो"? नाही म्हणू नका. त्या ऑर्डरमुळे २० किलो चिवडा, म्हणजे १,२०० रुपये हुकणार. चकलीचे मिळणार १,१००. भाव किलोमागे निदान १० रुपयांनी वाढवून सांगा.