प्राध्यापकाची क्रांती आणि कचऱ्याची पिशवी

आयाकुचो हे पेरू देशाच्या डोंगराळ भागातले एक दरिद्री शहर. तेथील विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आबिमाएल गुझमानने माओच्या विचारांवर 'शायनिंग पाथ' संघटना उभारली. १७ मे १९८० रोजी चुस्ची गावात मतपेट्या जाळून तिने युद्ध पुकारले.

क्रांती गरिबांच्या नावाने झाली, बळीही तेच गेले. १९८२च्या अखेरीस सरकारने लष्कर धाडले. जवानांच्या लेखी क्वेचुआ बोलणारा प्रत्येक शेतकरी संशयित ठरला. २००३ साली सत्यशोधन आयोगाने मृतांचा अंदाज सुमारे ६९ हजार दिला. निम्म्याहून अधिक हत्या संघटनेच्या. पण लष्कराचा वाटाही मोठा. दर चौघांतले तिघे क्वेचुआ किंवा अन्य मूळनिवासी भाषा बोलणारे.

मग गुझमान सापडला कसा? पोलिसांच्या एका छोट्या पथकाने लिमातील एका नृत्यशाळेच्या घरावर पाळत ठेवली, तिथला कचरा चिवडला. १२ सप्टेंबर १९९२ रोजी एकाचाही जीव न घेता तो पकडला गेला आणि संघटनेचा कणा मोडला.

अन्यायावर पोसलेल्या विचाराला सरकारी सूड आणखी खाद्य पुरवतो. गुन्हेगार आणि गावकरी यांतला फरक ओळखणे, हेच संरक्षण धोरणाचे पहिले शहाणपण होय.