ड्रॅगन फ्रूटच्या बागेतील थंडीची इजा आणि कीड-नियंत्रण

ड्रॅगन फ्रूट अर्थात कमलम हे निवडुंग कुळातील पीक असले, तरी ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या उष्ण अरण्यांतील वेलवर्गीय झाड आहे. पाण्याचा ताण ते सोसते; गोठवणारी थंडी मात्र सोसत नाही. सांगली-सोलापूरकडे हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. पंजाब, हरियाणा व उत्तर राजस्थानात डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याजवळ उतरतो, तेव्हा बाग धोक्यात येते.

निरभ्र, निवांत रात्री जमिनीची उष्णता वेगाने निघून जाते. रसरशीत फांद्यांतील पाणी गोठून पेशींना इजा होते. प्रथम पाणी भरल्यासारखे डाग दिसतात; पुढे ते पिवळे, मग तपकिरी होतात. कोवळे शेंडे आधी बळी पडतात. पुढील हंगामाच्या कळ्या पक्व फांद्यांवर काट्यांच्या बुडाशी येतात. फांदी गेली की तिच्यावरील फळही जाते.

पावसाळा सरताच नत्रयुक्त खते थांबवावीत, म्हणजे कोवळी वाढ रोखली जाते. थंडीच्या लाटेची सूचना मिळताच हलके पाणी द्यावे. ओलसर जमीन उष्णता अधिक साठवते. पाणी साचल्यास मात्र मुळे कुजतात. लहान रोपे सायंकाळी गोणपाटाने झाकावीत व सकाळी ऊन आल्यावर उघडावीत.

आच्छादन दिवसेंदिवस तसेच ठेवल्यास त्याच्या आडोशाला पिठ्या ढेकूण व खवले कीड वाढते. या किडींच्या गोड स्रावासाठी येणाऱ्या मुंग्यांची रांग ही पहिली खूण होय. थंडीचे डाग एकाच सुमारास अनेक खांबांवर, विशेषतः उघड्या शेंड्यांवर उमटतात; किडीचा प्रादुर्भाव बहुधा एखाद्या खांबापासून सुरू होऊन पसरतो. हा भेद न ओळखता थंडीच्या डागांवर कीटकनाशक फवारल्यास खर्च वाया जातो आणि मित्रकीटकही मरतात.

इजा झालेल्या फांद्या घाईने छाटू नयेत. थंडी ओसरल्यावर जिवंत व मृत भागांतील सीमा स्पष्ट होते. तेव्हा कोरड्या दिवशी, निर्जंतुक केलेल्या कात्रीने छाटणी करून जखमेवर बोर्डो मलम लावावा. मऊ पडून कुजू लागलेला भाग मात्र त्वरित काढून बागेबाहेर नष्ट करावा, अन्यथा कूज निरोगी भागात पसरते.